दादाचा सोलो, माझा सोलो

परवा फोनवर माझं आणि दादाचं पुन्हा तेच भांडण झालं. बीटल्स या इंग्रजी बँडच्या ‘लेट इट बी’ या गाण्यातल्या गिटारवरून. भांडण तीस वर्षांचं आहे, मिटायचं काही नाव घेत नाही.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, डोंबिवलीचा. १९९४ च्या मे महिन्यात तो साताऱ्याला आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या वॉकमनमध्ये बीटल्सची ती निळ्या कव्हरची निवडक गाण्यांची कॅसेट होती. माझ्याकडे ‘लेट इट बी’ याच नावाचा मूळ अल्बम. रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या की आम्ही गाणं म्हणायचो. पहिली दोन कडवी झकास जमायची. मग गिटारचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, यायचा आणि आमचं फाटायचं. तो काहीतरी गोल, मऊ गुणगुणायचा. मी दातओठ खाऊन काहीतरी टोचरं. “तुझं चुकतंय.” “ए, तुझंच चुकतंय.” खालून आजी ओरडायची, आता झोपा मेल्यांनो.

कॅसेटी अदलाबदल करून ऐकायचं आम्हाला पाच दिवस सुचलं नाही! सुचलं तेव्हा दोघंही गप्प झालो. दोघंही बरोबर होतो, आणि हे दोघांनाही अजिबात आवडलं नाही.

दादाच्या कॅसेटवर होतं ते सिंगलचं, म्हणजे सुट्या गाण्याच्या रेकॉर्डचं मिक्स (वेगवेगळे आवाज जुळवून केलेली आवृत्ती), माझ्याकडे अल्बमचं. सिंगल बाजारात आलं ६ मार्च १९७० ला, अल्बम ८ मे ला. मधे १० एप्रिलला या गाण्याचा गायक पॉल मॅकार्टनी बँडमधून बाहेर पडल्याची बातमी पेपरांत झळकली. म्हणजे सिंगल विकत घेणाऱ्यांसाठी बीटल्स होते, अल्बम घेणाऱ्यांसाठी नव्हते. हे कळल्यापासून मला ती दोन मिक्स एकाच घरातली, पण वडील गेल्याच्या आधीची आणि नंतरची वाटतात. असो.

गंमत अशी, की मुळात गायन एकच आहे. ३१ जानेवारी १९६९, लंडनमधल्या सॅव्हिल रोवरच्या इमारतीचं तळघर. आदल्या दिवशी ते त्याच इमारतीच्या गच्चीवर वाजवून आले होते. पॉल पियानोवर, बिली प्रेस्टन ऑर्गनवर. तो टेक टेपवर गेला आणि पुढे त्याच्यावर थर चढत गेले. ३० एप्रिलला बँडच्या गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने एक सोलो वाजवला, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. म्हणून तो पाण्याखालून आल्यासारखा हेलकावतो. मग आठ महिने गाणं तसंच पडून. ४ जानेवारी १९७० ला पुन्हा स्टुडिओ. त्या दिवशी बँडमधला जॉन लेनन नव्हता. पितळी वाद्यं आली, चेलो आला, मागचा कोरस आला, आणि जॉर्जने दुसरा सोलो वाजवला. हा चिरका, खरखरीत, घसा बसलेल्या माणसासारखा.

आता दोन्ही सोलो हाताशी. एक नळ उघडा, दुसरा बंद ठेवा. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने सिंगलसाठी पहिला उघडला. मार्चअखेरीस फिल स्पेक्टर हा दुसरा निर्माता आला, त्याने अल्बमसाठी दुसरा. शिवाय पितळी वाद्यं पुढे आणली, दुसऱ्या कडव्यात ड्रमर रिंगोच्या हाय-हॅटवर (ड्रमच्या झांजांच्या जोडीवर) प्रतिध्वनी चढवला आणि शेवटच्या धृपदात एक ओळ जास्तीची फिरवली. दोन्ही बाळं एकाच आईची, याची खूणही आहे: तिसऱ्या कडव्यात पॉलचं बोट पियानोवर घसरतं, ते दोन्हीकडे तसंच घसरतं.

मी हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, एवढासा तर फरक! एका गायकाने एकच चीज दोनदा गायली तर फरक असणारच ना, असंही कुणी म्हणतं. पण इथे दोनदा कुणी गायलंच नाहीये. पॉलचा श्वास तोच, त्या तळघरातला. तरी सोलो बदलला की त्याच्यानंतरचं कडवं बदलतं. मऊ सोलोनंतर पॉल समजूत घालणारा वाटतो. चिरक्या सोलोनंतर तोच आवाज आत्ताच रडून तोंड धुऊन आलेल्या माणसाचा वाटतो. आवाजाला कुणी हातही लावलेला नाही!

माझं मत? सोलो अल्बमचाच. स्पेक्टरला शिव्या घालायची फॅशन आहे, आणि ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर त्याने जे वाद्यवृंद आणि बायकांच्या कोरसचं लोणी थापलं त्याबद्दल त्या त्याला मिळायलाच हव्यात. पण इथे त्याने निवड बरोबर केली. हाय-हॅटवरचा प्रतिध्वनी मात्र शुद्ध आगाऊपणा. एकदा कानाला तो दिसला की जात नाही. मी सांगितल्यामुळे तुमचंही वाटोळं झालं असेल तर माफ करा.

पण मला हेही माहीत आहे, की माझी कॅसेट दादाकडे आणि त्याची माझ्याकडे असती तर हीच पोस्ट मी उलटी लिहिली असती. म्हणून तर माझी चिडचिड होते ती गाणी ऐकायच्या अ‍ॅपवर. गाणं शोधा, नाव एक, चित्र एक, आणि आत कुठलं मिक्स निघेल ते नशिबावर. अल्बमच्या २००३ च्या ‘नेकेड’ आवृत्तीत तर तिसराच सोलो आहे. माझ्या लेकीला तो पाठ आहे. तिने तो गुणगुणला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “तुझं चुकतंय.”

दादाला हे सांगितलं तर खोखो हसला. मग म्हणाला, पोरीचं चुकतंय खरं, पण तुझंही. आणि फोनवर स्वतःचा सोलो पूर्ण गुणगुणून दाखवला, सुरात, ऑफिसच्या कँटीनमध्ये उभा राहून.