मावशी, सातबारा जागतिक बँकेकडे गेलेला नाही

सासवडच्या मावशीचा काल फोन: "एफडी मोडली रे, पैसे आता घरीच ठेवते." कारण काय, तर फॉरवर्ड. 'महाराष्ट्र दिवाळखोर झाला, जागतिक बँकेकडे गहाण पडला, कर्ज फिटलं नाही तर सातबाऱ्यावर बोजा चढणार, ठेवीही जप्त.' तिघांकडून आला म्हणून तिला खरा वाटला. मुदतीआधी मोडल्याचं व्याज गेलं ते गेलंच.

आधी ते गहाण प्रकरण. राज्यघटनेचं 293वं कलम काढून वाचा, दोन मिनिटं लागतात. राज्याला कर्ज काढता येतं ते भारताच्या हद्दीतच, राज्याच्या एकत्रित निधीच्या, म्हणजे सरकारी तिजोरीच्या, तारणावर. केंद्राचं जुनं देणं बाकी असेल तर त्यालाही केंद्राची संमती लागते. जागतिक बँकेचा पैसा राज्यात येतो, पोकरा या शेतीच्या प्रकल्पात आलाच. पण तिथं बँकेचा कर्जदार केंद्र सरकार. राज्याचं बरंचसं कर्ज म्हणजे रिझर्व्ह बँकेनं लिलावात विकलेले रोखे. घेणारे कोण? बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. म्हणजे मावशीच्या पॉलिसीचा हप्ताही फिरून तिकडेच. सावकार शोधताय ना, तो सासवडला बसलाय! सातबाऱ्यावर बोजा चढतो तो तुमच्या स्वतःच्या देण्याचा, म्हणजे सोसायटीचं पीककर्ज वगैरे उचललंत तर.

ठेवींचं तर काहीच्या काही. राज्यावर कर्ज आहे म्हणून तुमच्या खात्याला हात लावायचा अधिकार कुठल्या कायद्यानं दिलाय? आणि बँकच बुडाली तर 5 लाखांपर्यंत विमा असतो.

'दिवाळखोर' म्हणाल तर 2025-26च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज 9.32 लाख कोटी, राज्याच्या सकल उत्पन्नाच्या, म्हणजे राज्यातल्या अख्ख्या अर्थव्यवस्थेच्या, 19 टक्क्यांच्या आत. मर्यादा 25 टक्क्यांची.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं कबूल करतो. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी आहे. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज आणि लाडक्या बहिणीचे 36,000 कोटी, हा चालू खर्च भागवायलाही उसनवारी. विहिरीसाठी कर्ज काढणं वेगळं, किराण्यासाठी वेगळं. 19 टक्के सांगून पाठ थोपटून घेताना सरकार हा आकडा हळूच गिळतं. फॉरवर्डवाल्यानं एवढंच लिहिलं असतं तर मीच चार जणांना पाठवला असता.

मावशीला म्हटलं, सोमवारी पैसे परत बँकेत टाक. म्हणाली, "बघते. पण पाठवणारे रिटायर तलाठी आहेत रे, त्यांना सातबाऱ्यातलं कळत नसेल का?"