डॉक्टर? मीटिंगला गेलेत!

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत चकाचक, गेटावर पुढाऱ्यांचा फ्लेक्स आणि डॉक्टरांच्या खुर्चीवर टॉवेल. फक्त टॉवेल! नियम म्हणे ३०,००० लोकांमागे एक केंद्र, डोंगराळ-आदिवासी भागात २०,०००. केंद्र आहे हो, डॉक्टरचं काय? आज मीटिंग, उद्या शिबिर, परवा पोस्टमॉर्टेम. साप काय तारीख विचारून चावतो?

यावर उपाय काय, तर आणखी एक मेडिकल कॉलेज! काढा की. सरकारी कॉलेजात शिकून डॉक्टर झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, या बाँडमधून १० लाख भरून सुटायची वाट सरकारनंच वर्षानुवर्षं उघडी ठेवली, आणि आता विचारायचं, पोरं खेड्यात का येत नाहीत? का येतील? क्वार्टर गळतंय, करार ११ महिन्यांचा, पगार लटकलेला. वर पेशंट दगावला की कुणाचा तरी भाचा कॉलर धरायला हजर. (हा भाचा एरवी डॉक्टरची मागणी करायला कधी दिसत नाही.)

तोवर सगळा दवाखाना सिस्टरच्या जिवावर. तिनं बाळंतपणं करायची, गोळ्या वाटायच्या, शिव्या खायच्या आणि रात्री बसून पोर्टलवर माहिती भरायची. रेंज असली तर!