‘९० दिवसांत एचआयव्ही निगेटिव्ह’ म्हणे!

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात सांगितलंय की पुढची बारा लक्षणं दिसली की एड्स झालाच समजा. तो डासांमुळे आणि भेळवाल्याच्या कापलेल्या बोटामुळेही होतो. सरकारी एआरटीच्या (म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या) गोळ्या शरीर पोखरतात, म्हणून त्या बंद करा आणि मंडूर भस्म, प्रवाळ, गुळवेल यांचा काढा घ्या. ९० दिवसांत रिपोर्ट निगेटिव्ह. शेवटी नेहमीप्रमाणे जोडलेले हात आणि ‘एकाचा तरी जीव वाचेल, पुढे पाठवा’.

हा मेसेज माझ्या जवळच्या एका माणसापर्यंत पोचला. बरीच वर्षं एआरटीवर आहे, नोकरी करतोय, ठणठणीत आहे. त्याने मला फोन करून विचारलं, “तीन महिने गोळी थांबवून बघू का?” तेव्हापासून डोकं फिरलंय.

डासांचं आधी उरकतो. एचआयव्ही डासात वाढत नाही आणि डास तो पसरवत नाही. भेळेतूनही पसरत नाही. झालं.

लक्षणांच्या यादीत ताप, थकवा, वजन घटणं, तोंड येणं, केस गळणं असं सगळं आहे. या हिशेबाने पावसाळ्यात निम्मा महाराष्ट्र एड्सग्रस्त! लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, पुरळ, गाठी येतात. फ्लूसारखं वाटतं आणि आपोआप जातं. मग कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही. म्हणजे ही यादी निरोग्याला घाबरवते आणि ज्याला खरंच लागण आहे त्याला ‘मला तर काहीच होत नाही’ म्हणून गाफील ठेवते. निदान फक्त रक्ततपासणीने होतं. सरकारी आयसीटीसी केंद्रात (एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी होते तिथे) ती मोफत होते आणि गुप्त राहते. एक किट पॉझिटिव्ह आलं म्हणून शिक्का मारत नाहीत. तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळाव्या लागतात. लागण नुकतीच झाली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत पकडली जात नाही, म्हणून पुन्हा बोलावतात.

आता ‘निगेटिव्ह रिपोर्ट’. मेसेजसोबत एका रिपोर्टचा फोटो आहे, तो मोठा करून बघा. ती निदानाची चाचणी नाहीच, व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याचा रिपोर्ट आहे. त्यावर लिहिलंय ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे त्या नमुन्यात विषाणू मशीनला सापडला नाही. नियमित एआरटी घेणाऱ्या बहुतेकांचा रिपोर्ट साधारण सहा महिन्यांत असाच येतो. त्याच माणसाची अँटिबॉडी चाचणी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी चाचणी केली तर ती पॉझिटिव्हच येईल. गोळीने केलेल्या कामाचं श्रेय काढ्याने लाटायचं आणि वर गोळीच बंद करायला सांगायचं, हा निर्लज्जपणा आहे.

बंद केली तर काय होतं? हा विषाणू स्वतःचा जनुकीय मजकूर आपल्याच पेशींच्या जनुकांत घुसवतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षं सुप्त राहतात. तिथे औषध पोचून उपयोग नसतो, कारण विषाणू काही करतच नसतो. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांत परत दिसतो. रोगांशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी पुन्हा घटायला लागतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या २०० च्या खाली गेल्या की एड्सची अवस्था, आणि आपल्याकडे तेव्हा पहिला घाला बहुधा टीबीचा असतो. गोळी धरसोड करून घेतली तर औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होतो, ते वेगळंच.

एआरटीने काय साधतं याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती आणि त्याचं एक केंद्र आपल्या पुण्यात होतं. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. २०११ मध्ये जाहीर झालेल्या निकालात जोडीदाराकडूनच लागण झाल्याचं सिद्ध झालं अशी २८ प्रकरणं होती. त्यातली २७ उपचार उशिरा सुरू करायच्या गटातली होती आणि लगेच एआरटी सुरू केलेल्या गटातलं फक्त एक. पुढच्या निकालांत तर विषाणू कायम दबलेला असताना जोडीदाराला लागण झाल्याचं एकही प्रकरण दिसलं नाही. काढ्याच्या बाजूने काय आहे? एक फोटो.

दुष्परिणामांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे मान्य करावं लागेल. जुन्या स्टॅव्ह्युडिनने गाल बसायचे, पाय जळजळायचे; झिडोव्ह्युडिनने रक्त कमी व्हायचं. ते भोगलेले लोक अजून आहेत. पण स्टॅव्ह्युडिन कधीच हद्दपार झालं. आज बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची मिळून रोज एकच गोळी असते. तिच्यावरही मूत्रपिंडाची तपासणी होत राहते. त्रास झाला तर डॉक्टर औषध बदलून देतात.

गंमत म्हणजे ‘गोळीसोबत काढाही घेतो’ म्हणणाराही सुटत नाही. मंडूर म्हणजे लोह, प्रवाळ म्हणजे कॅल्शियम. दोन्ही डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच बांधून ठेवतात आणि औषध रक्तात कमी उतरतं. म्हणून लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांची वेळ एआरटी केंद्रात ठरवून देतात. मुळात एड्स बरा करण्याचा दावा औषधविक्रेत्याला करताच येत नाही. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ‘शेड्यूल जे’मध्ये, म्हणजे ज्यांवर असे दावे करायला बंदी आहे त्या आजारांच्या यादीत, पहिलं नाव एड्सचंच आहे.

कोणी आधीच गोळी थांबवली असेल तर आपल्या एआरटी केंद्रात जा. २००४ पासून हे उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत. जाता येत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. किती दिवस गोळी घेतली नाही ते खरं सांगा आणि ती काढ्याची बाटलीही सोबत न्या, म्हणजे पोटात काय गेलंय ते डॉक्टरांना कळेल.