अंगठाछाप

कुणाच्याही हातात सुरी द्या, तो आधी पातं बघतो. अंगठा आडवा फिरवून धार चाचपतो, पोलाद कुठलं ते विचारतो, तळहातावर वजन जोखतो आणि ‘वा!’ म्हणून परत देतो. मुठीबद्दल चकार शब्द नाही. वास्तविक त्या सगळ्या वेळात त्याने धरलेली असते ती मूठच.

मीही पात्यावर भाळूनच सुरी घेतली. घडीची नव्हे, अखंड. पातं पाच मिलिमीटर जाड, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, ओंडक्यावर टेकवून वरून दांडक्याने ठोकलं तरी हूं की चूं न करणारी. असल्या दणकट सुऱ्यांमध्ये पोलाद टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत सलग असतं. मुठीतल्या त्या भागाला टँग म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही अंगांना ज्या पट्ट्या बसवतात त्यांना स्केल. माझ्या सुरीचे स्केल गुळगुळीत प्लॅस्टिकचे होते आणि एका रिव्हेटचं डोकं केसभर वर आलं होतं. केसभर म्हणजे नेमकं किती, ते अर्धा तास लाकडं फोडल्यावर अनामिकेच्या बुडाशी उठलेल्या फोडाने सांगितलं. सोन्याची सुरी झाली तरी उरात मारून घेऊ नये म्हणतात. माझी साध्या पोलादाची होती आणि उलट्या टोकाने मला खात होती.

‘‘नवे स्केल करतो,’’ मी जाहीर केलं. ‘‘दोन लाकडाच्या पट्ट्या, दोन पिना, थोडं इपॉक्सी. रविवारचं काम.’’

‘‘कुठल्या रविवारचं?’’ बायकोने विचारलं. तो प्रश्न खोचक आहे हे मला पाचव्या रविवारी कळलं.

जुने स्केल काढायचे म्हणजे आधी रिव्हेट ड्रिलने पोखरायचे. पात्याला मी पुठ्ठा गुंडाळला, त्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे दिले, वर एक जुना टॉवेल. इतका बंदोबस्त केल्यावर कापणार काय? कापली पटाशी. एक रिव्हेट ड्रिलबरोबर नुसताच गरगर फिरू लागला म्हणून मी प्लॅस्टिक पटाशीने उचकटायला गेलो, ते एकदम सुटलं आणि पटाशी थेट उजव्या अंगठ्यात. दोन टाके पडले.

‘‘कशाने कापलं?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘सुरीची मूठ काढताना.’’

‘‘म्हणजे सुरीने.’’

‘‘नाही, सुरी गुंडाळलेली होती.’’

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि अंगठ्याला असं बँडेज बांधलं की अंगठ्याची दुधी झाली. दोन आठवडे सोडायचं नाही, भिजवायचं नाही. मी डावरा असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मग लाकूड की मायकार्टा, हा पेच. मायकार्टा म्हणजे कापडाचे किंवा कागदाचे थर राळेत भिजवून, दाबून, तापवून केलेला ठोकळा. १९१० च्या सुमारास तो निघाला विजेच्या यंत्रांतल्या इन्सुलेशनसाठी. सुरीवाल्यांनी तो नंतर उचलला. पाण्याने फुगत नाही, उन्हाने तडकत नाही, ओल्या हातात घसरत नाही. पण त्याची भुकटी छातीत जाणं वाईट, त्याच्याच जातीच्या जी-टेन नावाच्या ठोकळ्याची तर त्याहून वाईट, कारण त्यात काचेचे धागे. चांगला मास्क लावून, पाणी मारत घासावं लागतं. माझं बँडेज तर भिजवायचं नव्हतं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मी शिसवी लाकूड घेतलं. शिसवाची भुकटीही काहींना सोसत नाही हे मला पुढे एकवीस शिंका सलग आल्यावर समजलं. मास्क शेवटी लावावा लागलाच.

आता माझ्या कारागिरीचा कळस. लाकडाला एका अंगाने फार देखणी नक्षी होती, जांभळट काळ्या रेघा, नदीच्या गाळावर पाणी ओसरल्यावर उमटतात तशा. टँग त्या बाजूवर ठेवला, पेन्सिल फिरवली, लाकूड कापलं. पुन्हा ठेवला, पुन्हा पेन्सिल, पुन्हा कापलं. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, काठ केसाइतकाही इकडे तिकडे नाही. स्वतःवर खूश होऊन त्या सुरीच्या दोन बाजूंना लावून बघितल्या. एका बाजूला नदी. दुसऱ्या बाजूची नदी आत पोलादाकडे तोंड करून बसलेली, आणि बाहेर सपाट, मळकट, करवतीचे ओरखडे असलेलं लाकूड. पट्टी उलटवली तर नदी बाहेर आली, पण मुठीचा बाक पोटाकडे असायचा तो पाठीकडे गेला. मी दोन्ही स्केल उजवे केले होते.

माणसाला दोन हात असतात, दोन पाय असतात, आयुष्यभर तो डावी-उजवी चप्पल बरोबर घालतो. तरीही लाकूड हातात आलं की आरसा म्हणजे काय ते तो विसरतो. वर्कशॉप चालवणाऱ्या एका मित्राला फोन केला. तो हसला नाही. ‘‘पहिल्यांदा सगळेच करतात,’’ एवढंच म्हणाला. तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

दुसरी जोडी केली. मध्यंतरी टँगला एक जास्तीचं भोक पाडावं असा विचार आला होता. ड्रिलने दहा मिनिटं त्या पोलादाला गुदगुल्या केल्या आणि स्वतःच बोथट झालं. पाणी दिलेलं पोलाद साध्या ड्रिलला दाद देत नाही, कार्बाइडचं लागतं. विचार सोडला.

इपॉक्सीच्या बाबतीत मित्राने तीन गोष्टी बजावल्या. एक, स्केलचं पात्याकडचं तोंड चिकटवण्याआधीच घासून, चकचकीत करून ठेव; नंतर तिथे सँडपेपर नेलास तर पात्यावर ओरखडे येतील. दोन, टँग आणि लाकडाची आतली बाजू जाड सँडपेपरने खरवड आणि ॲसिटोनने पूस. गुळगुळीत, तेलकट जागी गोंद बसत नाही. तीन, क्लॅम्प आवळताना मर्दुमकी दाखवू नकोस. सगळा गोंद बाहेर येईल आणि आत काहीच उरणार नाही. मी तिन्ही पाळल्या. त्याने न सांगितलेली चौथी अशी की पिना आधी कोरड्या बसवून बघाव्यात. इपॉक्सी लावलं, पट्ट्या जोडल्या, पहिली पितळी पीन सरकन गेली आणि दुसरी निम्म्यात अडली. वाटीत उरलेलं इपॉक्सी एव्हाना कोमट लागत होतं, म्हणजे घट्ट व्हायला निघालेलं. एका हाताने हातोडी, बँडेजवाल्या हाताने मूठ, गोंदाने माखलेली बोटं, आणि वर फोन वाजतोय. पीन गेली. फोनवर तेव्हा उमटलेला माझा अंगठा अजून तसाच आहे. इपॉक्सी चोवीस तासांत वाळतं ते कायमचंच.

घासण्याचं काम मात्र मला मनापासून आवडलं. आधी कानस, मग ऐंशीचा सँडपेपर, मग एकशेवीस, दोनशेवीस, चारशे. ऐंशीने पडलेली रेघ एकशेवीसने नीट काढली नाही तर ती चारशेनंतर, तेल लावल्यावर, कपाळावरच्या आठीसारखी वर येते. मूठ कधीही गोल करायची नाही, लंबगोल ठेवायची. म्हणजे अंधारातही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं आणि ठोकताना सुरी मुठीत फिरत नाही. दर पाच मिनिटांनी धरून बघायचं. इथे टोचतंय, दोन हात मार. करंगळी सरकतेय, मागे थोडा उंचवटा ठेव. अंगठा नीट टेकत नाही, तिथे खाच खोल कर. अजून थोडी. मी जेवताना, फोनवर बोलताना, झोपायच्या आधी ती मूठ धरून बसायचो.

‘‘अहो, निदान पाहुण्यांसमोर तरी खाली ठेवा,’’ बायको म्हणाली.

शेवटी जवसाचं तेल चोळलं, आणि तेलाचे बोळे वाळायला पसरून टाकले. चुरगळून ठेवले तर आपोआप पेटू शकतात. आतापर्यंतचा माझा लौकिक बघता ते नक्की पेटले असते. नदी उजळली. हातात घेतली तर मूठ अशी बसली, जणू मातीत हात दाबून साचा काढलाय. बोटं आपापल्या जागी, अंगठा खाचेत गच्च.

दुसऱ्या दिवशी टाके काढले, बँडेज गेलं.

परवा एक स्नेही आले. सुरी हातात दिली. आयुष्यात प्रथमच कुणीतरी पात्याऐवजी आधी मुठीकडे बघत होतं. बराच वेळ ते अंगठा त्या खाचेत इकडून तिकडे फिरवत राहिले.

‘‘ही खाच कसली?’’

‘‘अंगठ्याची.’’

‘‘कुणाच्या?’’