माँसेग्युरच्या फोटोतली भिंत कॅथारांची नाही

दक्षिण फ्रान्समधल्या माँसेग्युर किल्ल्याचा फोटो एका ठरावीक मजकुरासह सतत फिरत असतो: हा कॅथार या मध्ययुगीन ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा किल्ला, तेच त्यांचे सूर्यमंदिर, येशूचा पवित्र प्याला इथेच दडवला होता, आणि सरकारने ही वास्तू बेवारस सोडली आहे. किल्ल्यांवर माझा जीव आहे, म्हणून हे खोडून काढणे मला गरजेचे वाटते.

आधी किल्ल्याचे बघू, कारण बाकीची गफलत तिथूनच सुरू होते. रोमच्या चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथारांच्या विनंतीवरून रेमाँ द पेरेय या सरदाराने १२०४ च्या सुमारास १२०७ मीटर उंचीच्या या डोंगरावर गढी आणि वस्ती वसवली. मे १२४३ मध्ये राजाच्या फौजेचा वेढा पडला. दहा महिन्यांनी गड पडला आणि १६ मार्च १२४४ रोजी पंथ सोडायला नकार देणाऱ्या दोनशेहून अधिक स्त्री-पुरुषांना जिवंत जाळले. मग हा मुलूख लेव्ही घराण्याकडे गेला. फोटोत दिसतो तो उंच तट आणि त्याला लागूनचा बुरूज त्यानंतरचा, नव्या धन्यांनी आपल्या शिबंदीसाठी बांधलेला. कॅथारांच्या आठवणीने आपण ज्या भिंतीकडे पाहून हळहळतो, ती जिंकणाऱ्यांची आहे.

कॅथारांचे काय उरले, ते तटाबाहेर वायव्येच्या उतारावर शोधावे लागते. कड्याच्या टोकाशी चिकटलेली घरांची बुटकी जोती, एकाखाली एक. फोटोत ती येतच नाहीत. पण त्या दहा महिन्यांत माणसे राहिली ती अशा घरांत.

सूर्यमंदिराचा दावा इथेच कोसळतो. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी उगवत्या सूर्याची किरणे बुरुजाच्या जंग्यांतून, म्हणजे बाण मारण्याच्या फटींतून, आरपार जातात, हे खरे. पण तो बुरूज कॅथारांनंतरचा! शिवाय दृश्य सृष्टी ही दुष्ट शक्तीची निर्मिती, असे मानणारा हा पंथ सूर्याचे देऊळ कशाला बांधेल?

प्याल्याची गोष्ट तर विसाव्या शतकात पसरली. वेढ्यातून वाचलेल्यांचे जबाब धर्मन्यायालयाने नोंदवून घेतले होते. त्यांत १२४३ च्या नाताळाच्या सुमारास दोघांनी सोने, चांदी आणि पुष्कळ नाणी गडाबाहेर नेल्याचा उल्लेख येतो. प्याल्याचा नाही.

राहिले 'बेवारस'. हे अवशेष १८७५ पासून राष्ट्रीय स्मारकांच्या यादीत आहेत आणि १९८९ मध्ये भोवतालच्या पुरातत्त्वीय अवशेषांनाही संरक्षण मिळाले. उत्खननात सापडलेली बाणांची पाती, यंत्राने फेकलेले दगडी गोळे आणि रोजच्या वापरातल्या वस्तू पायथ्याच्या गावातल्या संग्रहालयात ठेवल्या आहेत. हा फोटो पुढे पाठवणाऱ्यांनी एकदा त्या जोत्यांचाही फोटो सोबत जोडावा.