अमेरिकेत चटणी विकायचीय? अगदी सोप्पं आहे!

अमेरिकेत लोणची-चटण्या आणून विकायचा बेत आहे? उत्तम! अनुभवाची गरज नाही. घरात एक रिकामं गॅरेज असलं की झालं, कारण निम्मा माल शेवटी तिथेच येऊन पडतो. गेल्या महिन्यात मी जे काही शिकलो ते तुम्हाला फुकट सांगतो.

पहिली गोष्ट, लेबलाच्या भानगडीत पडू नका. उत्पादकाने भारतासाठी छापलेलंच चालवा. पोषणाचा तक्ता दर 100 ग्रॅमला आहे? असू द्या. इथे तो एका सर्व्हिंगचा लागतो आणि कॅलरीचा आकडा ठळक नि मोठा लागतो, पण ती त्यांची हौस. रंगाच्या जागी 'आयएनएस 102' एवढा सांकेतिक क्रमांकच राहू द्या. तोच रंग इथे 'एफडी अँड सी यलो नंबर 5' या नावाने लागतो, तोही एफडीएने, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याने, पास केलेल्या बॅचमधलाच. पण पिवळं ते पिवळं, नाही का? मग माल अडकला की लेबल बदलायची परवानगी मागायची आणि स्टिकरांचा गठ्ठा घेऊन गोदामात बसायचं. झाकणाखालून तेल पाझरलेलं असतं, त्यावर स्टिकर बसत नाही. आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग साबणाच्या पाण्याने पुसा, मग चिकटवा. तिसऱ्या खोक्यापर्यंत पोचलात की पहिल्या खोक्यातले स्टिकर कोपऱ्यातून उचकटलेले दिसतील. हाताचा हिंगाचा वास चार दिवस जात नाही.

प्रायर नोटीस, म्हणजे माल येतोय ही एफडीएला आगाऊ सूचना, शेवटच्या क्षणी द्या. जहाजाच्या मालाला पोचण्याआधी किमान 8 तास आणि विमानाच्या मालाला 4 तास असतात. कस्टमचे कागद करणाऱ्या ब्रोकरला तरी दुसरं काय काम आहे?

कारखान्याच्या एफडीए नोंदणीचं नूतनीकरण दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे ऐन दिवाळीत. सोडून द्या.

लसणाचं लोणचं आणणार असाल तर 'आमच्या आजीची कृती आहे' हे वाक्य पाठ करून ठेवा. इथले लोक पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, विचारतात. 4.6 च्या वर गेला, म्हणजे आंबटपणा कमी पडला, तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला मोकळं रान, असं त्यांचं म्हणणं. शिवाय आंबट घालून टिकवलेलं लोणचं असेल तर त्याची प्रक्रिया जाणकाराकडून ठरवून घ्या आणि कारखान्याने ती एफडीएकडे नोंदवायची, बाटलीच्या प्रत्येक मापासकट. आपण म्हणायचं, वर तेलाचा थर आहे, हवा लागत नाही. (हवा न लागणं हेच त्या जंतूला आवडतं, पण आजीला कशाला दुखवा?)

मोहरीच्या तेलावर 'फक्त बाह्य वापरासाठी' छापा आणि गोडेतेलाच्या शेजारी ठेवा. सगळे तेच करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. आयातदार म्हणून कागदावर स्वतःचं नाव खुशाल घाला. 'तुझं नाव फक्त सहीपुरतं रे,' असं सगळेच सांगतात. 2017 पासून इथे असा नियम लागू आहे की परदेशातला कारखाना सुरक्षित माल बनवतो की नाही हे तपासायची जबाबदारी आयातदाराची. कोणते धोके आहेत, ते कारखाना कसे टाळतो, तुम्ही कधी आणि काय पडताळलं, सगळं लेखी लागतं. मी लिहिलं होतं हो! फाइल केली होती. खोबरं-लसूण चटणी, घटक पाच, सगळे लेबलावर. खोबरंसुद्धा इथे ॲलर्जीच्या यादीत ट्री नट म्हणून, बदाम-काजूंच्या पंगतीत, मोजायचे. जानेवारी 2025 मध्ये एफडीएने ते वगळलं तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

आणि गेल्या महिन्यात सकाळी भाकरीबरोबर बाटली फोडली. पहिल्या घासाला शेंगदाणा. जिभेवर स्पष्ट. लेबल बघितलं, शेंगदाणा नाही. कारखान्याच्या काकांना फोन लावला.

"अहो दादा, सुक्या खोबऱ्याचे भाव बघितलेत का? थोडं कूट ढकललं. चवीत फरक पडला का, सांगा!"

कधीपासून? "दोन लॉट झाले असतील." लेबल? "जुनी छापलेली शिल्लक होती, वाया कशाला घालवायची?"

दोन लॉट! म्हणजे दुकानांत गेलेले, लोकांच्या डब्यांत गेलेले. शेंगदाणा इथल्या नऊ मुख्य ॲलर्जनांपैकी एक. तिळाचं नाव 1 जानेवारी 2023 पासून त्यात आलं, तेव्हाही हेच काका म्हणाले होते, 'तिळाने कुणाला काय होतं?' मी एकेका दुकानाला फोन करतोय, एफडीएला कळवतोय, बाटल्या परत मागवतोय आणि हे मला चव विचारतायत!

पुरे झाली थट्टा. काका, शेंगदाण्याने तुम्हाला काही होत नाही, मलाही होत नाही. पण ज्या पोराचा घसा चिमूटभर कुटाने सुजून बंद होतो त्याची आई दुकानात उभी राहून तुमचं ते बारीक अक्षरातलं लेबल शब्दन् शब्द वाचते. तिच्याकडे तेवढंच असतं. तुम्ही तिला खोटं सांगितलंत, लेबलाचा कागद वाचवायला. आणि वर 'अमेरिकेचे नियम फार कडक बुवा' म्हणून माझ्याकडे रडगाणं? कडक कसले? आत जे घातलंय ते बाहेर लिहा, एवढंच तर मागतात. तेवढंही जमत नसेल तर हा धंदा सोडा, पानाची टपरी टाका.

आणि तुम्ही, सहीपुरतं नाव देणारे. कारखान्यात कधी गेलात? बाटली स्वतः कधी उघडलीत? मीही दोन लॉट होईपर्यंत उघडली नव्हती.

काल काकांचा मेसेज आला, पुढच्या कंटेनरचं बुकिंग कधी करायचं. सोबत हात जोडलेली इमोजी. नव्या लेबलाचा फोटो मात्र अजून आलेला नाही.