मामा गादीवर होते

गरब्यात, जिममध्ये, वरातीत कुणी तरणाताठा कोसळल्याचा व्हिडिओ आला की आमच्या सांगलीच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस वाद चालतो. लशीमुळे झालं, प्रोटीन पावडरीमुळे झालं, टेन्शनमुळे झालं. इकडे कोपनहेगनमध्ये मी तोच व्हिडिओ परत परत बघते. भोवती तीस-चाळीस माणसं. कुणी तोंडावर पाणी मारतंय, कुणी तळपाय चोळतंय, कुणी कांदा आणायला पळालंय. छातीवर एकाचाही हात नाही.

माझे मामा असेच गेले, जेवून आडवे झाले असताना. मधूनच आचके देत होते, म्हणून घरच्यांना वाटलं, श्वास चालू आहे. ते आचके म्हणजे श्वास नव्हे, हे मला इथे गाडीचं लायसन्स काढताना कळलं. डेन्मार्कमध्ये २००६पासून लायसन्ससाठी सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकावंच लागतं. शाळांसाठी कायदा त्याच्या आदल्या वर्षी झाला. मला गुडघ्यांवर बसवून पुतळ्यावर दाबायला लावलं. माझे कोपर वाकत होते. शिक्षिकेने ते सरळ केले, माझे खांदे पुतळ्याच्या छातीवर आणले. छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत घाम फुटला. तेवढ्यात माणूस बदलायचा असतो. आणि रुग्ण हवा टणक जमिनीवर, कारण गादीवर दाबलं तर गादीच दबते.

मामा गादीवर होते.

इथे २००१ साली रुग्णवाहिका येण्याआधी हृदय थांबून कोसळलेल्या पाचातल्या एकालाच असे हात मिळायचे. २०१०पर्यंत हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं, आणि महिनाभर जगणारे साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरावर आले. एकट्या सीपीआरमुळे नाही. शॉक देणारी एईडी यंत्रंही वाढली.

मामेभाऊ म्हणतो, "ताई, तुमच्याकडे अँब्युलन्स लगेच येते. इथे १०८ ट्रॅफिकमध्ये अडकते." खरं आहे. पण म्हणूनच आपल्याकडे शेजारच्या माणसाचे हात जास्त लागतात. काही केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. दुसरी भीती पोलिसांची. २०१९ची मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती मदत करणाऱ्याला संरक्षण देते, पण ते रस्ते अपघातापुरतं. घरात, मांडवात कोसळलेल्यासाठीही ते हवं, आणि वाद घालायचाच तर यावर घालूया.

नुसते व्हिडिओ बघून मात्र शिकू नका. शुद्धीवर असलेल्या माणसाची छाती दाबणारे व्हिडिओही फिरतात. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तरच दाबायचं. तोंडाने श्वास द्यायला बिचकत असाल तर नुसती छाती दाबा. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७मध्ये सामान्य माणसांसाठी तीच पद्धत ठरवून दिली आहे. बुडालेल्याला आणि लहान मुलांना मात्र श्वासही लागतो.

डिसेंबरात सांगलीला येतेय. एक पुतळा बॅगेत घालून आणणार आहे. मामींना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. त्या १०८ लावतील आणि फोन स्पीकरवर ठेवतील. बाकी सगळे जमिनीवर.